पावती कुणाच्या नावाने

१ जानेवारी, सकाळी ७.१०
या वर्षी संकल्प एकच. घर दप्तरी माझ्या नावावर करायचं. वजन उतरवणं, गोड सोडणं वगैरे पोरखेळ बंद.

हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ. परदेशात येऊन सव्वीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस एकाच इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात. एक फाइल हरवलेली नाही. (दोन हरवल्या, पण मी रजेवर असताना.) दुनियेचे कागद जपणाऱ्या माणसाच्या घराचा कागद मात्र अजून वडिलांच्या नावावर. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. हे शोभत नाही.

नवी वही आणली. पहिल्या पानावर 'घर' लिहून खाली दोन रेघा मारल्या. बायको म्हणाली, मागच्या वहीतही दोनच रेघा होत्या.

४ जानेवारी
परिस्थिती एकदा लिहून काढलेली बरी.

घर तिकडे, मी इकडे. दोन मजले. वरच्या दोन खोल्यांत ताई राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत शिक्षिका होती, आता पेन्शनवर. लग्न केलं नाही. बाबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं, हे मी नेहमी सगळ्यांना सांगतो. खालच्या दोन खोल्या माझ्या. निवृत्तीनंतर येऊन राहायला ठेवल्यात. कुलूप लावलंय आणि किल्ली इथे माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ताईचे गुडघे दुखतात आणि जिना बाहेरून आहे, सतरा पायऱ्यांचा. पण वर हवा चांगली येते. आणि हालचाल हवीच, डॉक्टर लोकही तेच सांगतात.

घरपट्टी मी भरणार, असं बाबा गेले त्याच आठवड्यात मी सर्वांसमोर जाहीर केलं. तेव्हापासून ती जबाबदारी माझ्याकडे आहे. भरलेली नाही, कारण आधी नाव बदलून घेणं हा योग्य क्रम. मेलेल्या माणसाच्या नावाने पैसे भरायला मी काही अडाणी नाही.

११ जानेवारी
नगरपालिकेच्या वेबसाइटवर बसलो. बसलो म्हणजे सकाळी नऊ ते एक.

घराचा अकरा आकडी नंबर घातला. मग साइट म्हणाली, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय. नोंदवलेला मोबाइल बाबांचा. सातव्यांदा ओटीपी मागवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की हा नंबर आता दुसऱ्या कुणाकडे असणार. सरळ फोन लावला. एका बाईंनी उचलला. पडदे शिवून विकतात. म्हणाल्या, हो, सकाळपासून सात आकडे आलेत, कुठल्या घरपट्टीचे. मी विनंती केली की शेवटचा तेवढा वाचून दाखवा. त्या म्हणाल्या, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो.

बाई सुज्ञ वाटल्या. त्यांच्याशी वाद घातला नाही. साइट बंद केली.

आज बरीच प्रगती. अडचण नेमकी कुठे आहे ते कळलं.

३ फेब्रुवारी
ताईचा मेसेज. 'घरपट्टीचं बिल आलंय. बाबांच्याच नावाने, मागची बाकी धरून. माझी पेन्शन जमा झालीय. मी भरून टाकू का?' सोबत बिलाचा फोटो. दर वर्षीप्रमाणे फोटोत तिचा अंगठा.

उत्तर दिलं, 'नको. मी बघतो.'

कारण इथे लिहितो, तिला सांगण्यासारखं नाही. जो पैसे भरतो त्याला पावती मिळते. पावत्या साचतात. उद्या दहा पावत्यांचा गठ्ठा घेऊन माणूस कोर्टात उभा राहिला, की कोर्ट म्हणतं, घर याचंच. आमच्या विभागातल्या एकाच्या मेव्हण्याचं असंच झालं. ताईवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच पावती तिच्या नावाने फाटता कामा नये. विश्वास टिकवायचा तर मोहाची जागा ठेवू नये.

फोटो 'घर अर्जंट' या फोल्डरमध्ये सेव्ह केला. मागच्या तीन वर्षांचे तीन आधीच होते. चारही अंगठे एका ओळीत छान दिसतात.

२२ मार्च
कर विभागाला सविस्तर ईमेल. चौदा मुद्दे, तीन परिशिष्टं. दोन मिनिटांत उत्तर आलं. याला म्हणतात कार्यक्षमता!

उत्तर आपोआप आलेलं होतं. तुमचा मेल मिळाला, असं लिहिलंय. म्हणजे मिळाला. चेंडू आता त्यांच्या कोर्टात.

१९ एप्रिल
चेंडू त्यांच्याच कोर्टात.

ताई बिल घेऊन स्वतः कर विभागात जाऊन आली. मी सांगितलं नव्हतं. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने तिला सांगितलं म्हणे, की बाकी वाढत चाललीय, नाव बदलणं नंतर होईल, आधी भरून टाका. ताई फोनवर म्हणाली, "तो माणूस बरा वाटला. अजून काय काय समजावून सांगत होता. तुला सांगू का?"

मी म्हटलं, कारकुनाचं तोंडी बोलणं हा पुरावा होत नाही. लेखी आण. ताईने इथल्या हवेची चौकशी करून फोन ठेवला.

एकोणीस वर्षं कारकून पाहतोय. त्यांचं ऐकायचं नसतं.

१० मे
तोडगा सापडला. मुखत्यारपत्र. म्हणजे मी इथे बसून लिहून द्यायचं, की माझ्या वतीने ताईने कार्यालयात जाऊन नाव बदलण्याचं काम करावं. बाजारात एका पानाचे तयार नमुने मिळतात. असले गबाळे कागद मी वापरत नाही. स्वतः लिहिणार.

लेक सुट्टीला आलीय. म्हणाली, बाबा, तो घराचा नंबर मला द्या, माझ्या कार्डाने मी दहा मिनिटांत सगळी बाकी भरते, लॉगिन न करता भरायचं बटण तिथेच खाली आहे. मी हसलो. या पिढीला भरण्याची घाई फार. पावती कुणाच्या नावाने निघेल, हा विचार नाही. नंबर दिला नाही.

२८ जून
मुखत्यारपत्र पूर्ण! अकरा पानं, चौतीस कलमं. सात आठवडे लागले, पण एक फट ठेवलेली नाही. कलम नऊप्रमाणे ताई अर्ज दाखल करू शकते. कलम दहाप्रमाणे त्यावर सही करू शकत नाही. कलम चौदाप्रमाणे ती कागदपत्रं पाहू शकते, पण ताब्यात घेऊ शकत नाही. कलम एकवीस, कोणतीही रक्कम भरू शकत नाही. कलम बावीस, कोणतीही पावती स्वीकारू शकत नाही.

बायकोला वाचून दाखवलं. कलम बारापर्यंत होती. मग म्हणाली, ताईंना अधिकार देताय की अटक करताय? कायद्याची भाषा तिच्या कानाला नवीन, त्यामुळे तसं वाटतं.

९ जुलै
दूतावासात शिक्का मारून घेतला. रांग दोन तास. काचेपलीकडच्या बाईने अकरा पानं चाळली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानांकडे पाहिलं. कौतुकाची नजर ओळखू येते.

रजिस्टर पोस्टाने रवाना.

३० जुलै, सकाळी ६.४५
ताईचा फोन. मुखत्यारपत्र घेऊन गेली होती. चष्मेवाल्याने अर्धा तास वाचलं, दुसऱ्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवलं, मग तिला विचारलं, "बाई, मग तुम्हाला यात नेमकं करता काय येतं?"

ताई म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, मला परत येता येतं."

असं म्हणून ती हसली. मी हसलो नाही. कागद नाकारणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. तक्रार करणार. तक्रारीचा मसुदा सुरू केला. कच्चा मुद्दा एकही नको, त्यामुळे वेळ लागेल.

१४ ऑगस्ट
घराचं पाणी तोडलं. चार वर्षांची बाकी आणि नोटिशीला उत्तर नाही म्हणून. नोटीस कुठली? 'घर अर्जंट'मध्ये पाहिलं. होती. मेमध्येच ताईने पाठवली होती. तेव्हा मी कलम सोळावर होतो.

पाणी तोडणं हे निव्वळ दबावतंत्र. अशाने माणूस घाबरून भरतो. मी घाबरणाऱ्यातला नाही.

ताई समोरच्या शिंप्याच्या दुकानातल्या नळावरून बादल्या आणते. शिंपी भला माणूस आहे, दुपारी दुकान बंद करायच्या आत भरून घ्या म्हणतो.

२ सप्टेंबर
ताईने आज खालच्या खोल्यांची किल्ली मागितली. पाणी वर न्यायला जड जातं, तेवढे दिवस खाली राहते म्हणाली. "तुझ्या कशाला हात लावणार नाही," असंही म्हणाली.

तसं खाली हात लावण्यासारखं काही नाही, पण प्रश्न तत्त्वाचा आहे. माणूस खाली राहायला आला की खाली राहतो. शिवाय किल्ली कुरियरने पाठवणं धोक्याचं, वाटेत कुणी साचा काढला तर? कुलूप फोडायचं म्हणावं तर ते पितळी, बाबांनी आणलेलं. म्हटलं, डिसेंबरात मी येतोच आहे, तेव्हा घेऊन येतो. ताई 'बरं' म्हणाली.

ताईचा हाच गुण. एकदा समजावलं की समजतं.

१७ सप्टेंबर, सकाळी ६.२०
शिंप्याचा फोन, ताईच्या मोबाइलवरून. ताई जिन्यावरून पडली. आठव्या पायरीवरून. हातात दोन बादल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानेच रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

मी विचारलं, दोन बादल्या एकदम कशाला न्यायच्या?

तो म्हणाला, "साहेब, एकेक नेली तर जिना दुप्पट वेळा चढावा लागतो."

आज कामावर गेलो. मन लागलं नाही. दोन फाइली चुकीच्या कप्प्यात लावल्या, पण दुपारी काढून घेतल्या.

२१ सप्टेंबर
ताईचं ऑपरेशन झालं. खुब्यात धातू बसवलाय. मी जावं का, असा विचार केला. बायको म्हणाली, विचार काय करायचाय त्यात? पण भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नसतो. ऑपरेशन डॉक्टर करतात, सेवा नर्स करतात. मी तिथे जाऊन काय करणार, रेकॉर्ड तपासणार? शिवाय इथे पुढच्या महिन्यात आमच्या विभागाची वार्षिक तपासणी आहे. माझ्याशिवाय एक कपाट उघडत नाही.

बायको रोज ताईला फोन करते. दुसऱ्या खोलीत जाऊन करते. रेंज तिथे चांगली असावी.

१२ ऑक्टोबर
ताईला जिना कायमचा बंद. डॉक्टरांनी लेखी दिलंय. म्हणजे वर जाता येत नाही, आणि खाली कुलूप. ती इस्पितळातून परस्पर एका वृद्धाश्रमात गेली. तिच्या शाळेतल्या एक बाई तिथे राहतात. तळमजल्याची खोली आहे, एका कॉटची. खिडकीतून वाहनतळ दिसतो.

एका परीने बरंच झालं. तिला सोबत मिळाली. घरात एकटी असायची तेव्हा माझ्या जिवाला घोर असायचा.

किल्ली खणात आहे. आज काढून पाहिली. थोडी गंजलीय. तेल लावून ठेवली.

२९ नोव्हेंबर
शिंप्याने फोटो पाठवला. दारावर कागद चिकटवलाय. बाबांचं नाव, घराचा नंबर, 'जप्ती' हा शब्द ठळक. त्याने खाली लिहिलंय, 'साहेब, घरात कुणी नाही म्हणून तुम्हाला कळवलं. लवकर बघा.'

बघितलं. कायदेशीरदृष्ट्या ही नोटीस मुळातच टिकत नाही. ती मृत व्यक्तीच्या नावे काढलेली आहे. मृत व्यक्तीवर जप्ती कशी येईल? चांगलीच पकडलीय त्यांना. हा मुद्दा तक्रारीत घालायचा. तक्रार आता एकोणीस पानांची झालीय.

डिसेंबरची तिकिटं महाग आहेत. फेब्रुवारीत बघू.

१ जानेवारी
संकल्प तोच ठेवला. वही तीच, अर्धी शिल्लक आहे. काटकसर.

६ फेब्रुवारी
तक्रार पाठवली! चोवीस पानं. आता पाहतोच.

बायकोने विचारलं, दहा मिनिटांत पैसे भरता आले असते ना? मी सांगितलं, तेव्हा भरले असते तर आपला मुद्दा कमकुवत झाला असता. तिने विचारलं, कुठला मुद्दा? आणि भांडी घासायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

२० फेब्रुवारी
शिंप्याचा फोन. माणसं आली होती, फीत लावून घर मोजून गेली. कुलूपं तोडली. आतल्या सामानाची यादी करून ते गोदामात नेलं. यादीची एक प्रत दारात अडकवली होती, ती त्याने वाचून दाखवली.

वरच्या खोल्या: कॉट एक, शिलाई मशीन एक, पुस्तकांची खोकी सहा, भांडी, कपडे, बादल्या चार.

खालची खोली एक: काही नाही. खालची खोली दोन: प्लास्टिकची खुर्ची एक.

मी त्याला म्हटलं, बरोबर आहे, सामान मी निवृत्तीच्या वेळी घेणार होतो. तो म्हणाला, "म्हणजे खाली काहीच नव्हतं?" प्रश्न कळला नाही असं दाखवून फोन ठेवला. काही लोकांना भविष्याची तरतूद म्हणजे काय ते समजतच नाही.

१८ मार्च
लिलाव झाला. बोली लावायला तिघे आले होते.

तक्रारीला दोन मिनिटांत उत्तर आलं होतं. तुमचा मेल मिळाला.

तिकीट काढलं. महाग. पण आता प्रत्यक्ष जाऊन सोक्षमोक्ष लावणार. लिलाव रद्द होऊ शकतात. समोर बसून मुद्दे मांडणारा माणूस आजवर त्यांना भेटलेला नाही.

६ एप्रिल, हॉटेल, सकाळी
काल पोचलो. हॉटेलात उतरावं लागलं, हे जरा विचित्र वाटलं. आज कर विभाग. फाइलला पाच रंगांच्या चिठ्ठ्या लावल्यात.

६ एप्रिल, दुपारी
लिहून टाकतो.

पहिला मजला, लांबट खोली, पाच टेबलं, पंखा मधल्या टेबलावर. चष्मेवाला ओळखू आला. माझ्या अंदाजापेक्षा तरुण आहे. मी फाइल उघडली. तो म्हणाला, लिलाव कायम झाला, आक्षेपाची मुदत गेल्या आठवड्यात संपली. शांतपणे म्हणाला. बाकी वजा करून उरलेली रक्कम वडिलांच्या नावे जमा आहे. ती काढायची तर वारसांची नोंद करून घ्यावी लागेल. म्हणजे जे काम मी पाच वर्षं करतोय, तेच.

मग मी माझा मुख्य मुद्दा मांडला. म्हटलं, बहिणीच्या नावाने पावती फाटू नये, मालकीचा घोळ होऊ नये, एवढ्याच एका कारणासाठी मी भरणा थांबवला होता. यात माझी सद्भावना दिसते.

त्याने पेन खाली ठेवलं.

"पावती तिच्या नावाने कशी निघेल?"

"पैसे ती भरणार, म्हणजे..."

"पावती ज्याचं नाव दप्तरात आहे त्याच्याच नावाने निघते. पैसे कुणीही भरो. रस्त्यावरचा माणूस येऊन भरून गेला तरी आम्ही घेतो. भरणाऱ्याच्या नावाला पावतीवर रकानाच नाही."

त्याने खणातून कोणाची तरी पावती काढून समोर धरली. खरंच रकाना नाही. मी उलटी करूनही पाहिली.

"बाईंना मी हे सांगितलं होतं," तो म्हणाला. "मागच्या एप्रिलमध्ये, इथेच. पैसे आणले होते त्यांनी, रुमालात बांधून. मी म्हटलं, भरा, काही होत नाही. त्या म्हणाल्या, भावाला विचारून सांगते. परत आल्या त्या तो अकरा पानांचा कागद घेऊन."

मी म्हटलं, ही माहिती वेबसाइटवर ठळक अक्षरांत द्यायला हवी होती. तो म्हणाला, दिलेली आहे. पहिल्याच पानावर. मी म्हटलं, ठळक नाही.

बाहेर सूचनापेटी होती. तसं लिहून चिठ्ठी टाकली.

६ एप्रिल, संध्याकाळी
घरावरून गेलो. आत गेलो नाही, रस्त्याच्या पलीकडे शिंप्याच्या दुकानात उभा राहिलो. त्याने स्टूल दिलं. मग तो आपल्या कामाला लागला. काज करत होता.

फाटकाला नवा रंग. खालच्या खिडक्या उघड्या होत्या. मी त्या उघड्या कधी पाहिल्या होत्या ते आठवेना. दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. नवीन मालक बाहेर आला तेव्हा मला गिऱ्हाईक समजून हसला. मी म्हटलं, घर छान आहे. तो म्हणाला, "आईसाठी घेतलं. गुडघे गेलेत तिचे, जिना झेपत नाही. खाली दोन खोल्या आहेत ना, तिची सोय झाली."

मी म्हटलं, वर हवा चांगली येते.

८ एप्रिल
ताईला भेटलो. काल जाणार होतो, पण तक्ता पूर्ण नव्हता. सगळा घटनाक्रम तारखांसह दोन पानांत मांडला आणि हॉटेलातून छापून घेतला, म्हणजे गैरसमज राहायला नकोत.

ती वॉकर धरून दारापर्यंत आली. बारीक झालीय. जेवलास का, विचारलं. बायकोची, लेकीची चौकशी केली. एकच खुर्ची होती, तिने मला दिली आणि स्वतः कॉटवर बसली. बसायला तिला बराच वेळ लागला. मी धरायला पुढे झालो, तर म्हणाली, राहू दे, माझी पद्धत ठरलीय.

मी तक्ता दिला. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग उशाचं पेन घेतलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व दीर्घ सुधारले आणि कागद मला परत दिला.

मी म्हटलं, पावतीवर भरणाऱ्याचं नाव नसतं, हे कारकुनाने तुला सांगितलं होतं, तर तू मला का नाही कळवलंस?

"कळवत होते. तू म्हणालास, लेखी आण."

मग म्हणाली, "चार वर्षं. दर वर्षी विचारलं, मी भरू का. चारदा."

मी तिला सांगितलं की चारदा नाही, तीनदा. माझ्याकडे मेसेज आहेत. पहिल्या वर्षी तिने विचारलंच नव्हतं. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं होतं, भरू नकोस म्हणून.

"हो," ताई म्हणाली. "तीनदा."

एवढंच. भांडली नाही, रडली नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते बघत राहिली. मी उरलेल्या रकमेचा विषय काढला. म्हटलं, आता नोंद करून घेऊ, अर्धी तुझी. ती म्हणाली, "तू आता काही करू नकोस. चष्मेवाल्याला भेटून मी करते. मला रिक्षाने जाता येतं."

सगळी कागदपत्रं तिच्याकडे ठेवून आलो. पाच रंगांच्या चिठ्ठ्यांसकट.

१९ एप्रिल
परत कामावर. फाइलींचं काम बाकी असेल म्हणून लवकर गेलो. बाकी नव्हतं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तुम्ही रजेवर होतात का?

३० मे
ताईने वारसांची नोंद करून घेतली. पाच आठवड्यांत. माझा अर्धा हिस्सा खात्यात जमा झाला. तिने कळवलं नाही, बँकेने कळवलं. बायको म्हणाली, हे पैसे ताईंना पाठवा. मी म्हटलं, पाठवणार, पण योग्य रीतीने. परस्पर पाठवले तर ते दान धरायचं की भेट, हे आधी बघावं लागेल. बायकोने तिच्या बचतीतून ताईला काहीतरी पाठवलंय असं दिसतं. विचारलं नाही.

११ जून, सकाळी ६.३०
ऑफिसात सर्वांची माहिती नव्याने भरून घेतायत. एक रकाना: मूळ देशातील कायमचा पत्ता. सत्तावीस वर्षं हा पत्ता मी न बघता लिहीत आलोय. परवा अर्धा लिहून झाल्यावर थांबलो. रकाना रिकामा ठेवून दिला. काल फॉर्म परत आला. रिकामं चालत नाही.

आज ताईला फोन केला. बऱ्याच दिवसांनी तिने उचलला. अडचण सांगितली. म्हटलं, तुझ्या आश्रमाचा पत्ता घालू का? नुसता कागदावर. मी काही तिथे राहायला येणार नाही.

ती म्हणाली, "नको रे. तुझी पत्रं इथे यायला लागली तर ती घ्यायला मला उठावं लागेल."

रागाने नाही म्हणाली. खरोखरच उठायचा हिशोब करून म्हणाली. मग तिकडे व्यायामाची घंटा झाली आणि तिने फोन ठेवला.

११ जून, दुपारी
त्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. फॉर्म लगेच घेतला.